गैरहजेरीत काम कोण पाहणार?

अर्जदार : वासंती ढोबळे, दूध तपासनीस.

यापूर्वीची प्रशिक्षणं : एकही नाही. दरवर्षी साहेब म्हणतात, "बाई, तुमच्यावाचून डेअरी अडते." मग शेजारच्या टेबलावरचे खटावकर जातात. त्यांच्यावाचून काहीच अडत नाही. आजवर त्यांची सहा शहरं बघून झाली.

गैरहजेरीत काम कोण पाहणार : खटावकर.

(हे वाचून ते दचकलेच. "मी? अहो बाई, मला फक्त सह्या येतात!" मग महिनाभर त्यांना शेजारी उभं करून दुधाची फॅट काढायला शिकवलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी नऊ नळ्या फोडल्या. काल टँकर आला, तेव्हा साहेबांदेखत मी हाताची घडी घालून बसले. खटावकरांनी आकडा सांगितला. साहेबांनी माझ्याकडून पुन्हा तपासून घेतला. अगदी बरोबर!)

साहेबांचा शेरा : मंजूर. सोमवारी बंगळूरला निघावे.

मंजुरी मिळाल्याची सही : करतेय. पण खटावकर कानाशी येऊन विचारतायत, "बाई, तुम्ही परत आलात की मी हे सगळं विसरलो तर चालतंय का? पुढचं प्रशिक्षण गोव्याला आहे."