मुलगी आणि नारळ

“तुमचा मिरज रोडचा प्लॉट तेवढा हिच्या नावावर करून टाका,” माझ्या सासूबाई चहात बिस्कीट बुडवत बाबांना म्हणाल्या.

बाबांचा कप हातातच राहिला. लग्नाच्या बैठकीत याच बाईंनी चारचौघांत सांगितलं होतं, “आम्हाला काही नको. फक्त मुलगी आणि नारळ द्या.” लग्न लावून नवरा अमेरिकेला परत गेला आणि मी माहेरी बसून व्हिसाची वाट बघत होते.

“आम्ही कुठे मागतोय? तिथलं सरकार मागतंय,” सासूबाई म्हणाल्या. “बायकोला न्यायचं तर आधी तिला पोसायची ऐपत दाखवावी लागते. नवऱ्याची कमी पडली तर बायकोची मालमत्ताही धरतात. किती समजूतदार सरकार!”

म्हणजे मला पोसायची ऐपत मीच दाखवायची होती.

“पण आई, ह्यांचा तर एवढा मोठा पगार आहे ना?” मी विचारलं. स्थळ आलं तेव्हा त्या पगाराचं कौतुक फोटोच्याही आधी ऐकवलं होतं.

बिस्कीट चहात बुडून गेलं. “होता गं. गेल्या दिवाळीतच कंपनीने नारळ दिला त्याला.”

आमची बैठक दिवाळीनंतरची, लग्न मार्गशीर्षातलं. म्हणजे बैठकीला आले तेव्हा नारळ त्यांच्याकडे होताच, मुलगी तेवढी मिळवायची राहिली होती.

सवाष्ण दारातून रिकामी जाऊ नये, म्हणून मी उठले. सासूबाईंना कुंकू लावलं, ओटीत तांदूळ घातले.

“आई, मुलगी इथेच राहील. नारळ तेवढा घेऊन जा.”