यादीत नसलेला आजार

योजनेच्या कार्डावर शकुबाईचा फोटो झकास होता, पण तिचा आजार यादीत नव्हता. “मंग कोणता झाला तर चालंल, साहेब?” तातेरावानं मोठ्या दवाखान्याच्या खिडकीवर अदबीनं विचारलं. खिडकी हसली नाही. शेवटी त्यानं बायकोला डोंगरकड्याजवळच्या मिशनच्या दवाखान्यात आणलं. सिस्टरनं कार्ड न मागता खाट दिली अन् यापुढचा इलाज आपल्याकडं नाही हेही सांगितलं. क्रुसावरच्या येशूकडं बघत शकुबाई म्हणाली, “केवढ्या जखमा. ह्याचा आजारबी यादीत न्हवता व्हय?” “कुणीच वाचवलं नाही, मावशी,” सिस्टर पाय चेपत म्हणाली, “पण तिसऱ्या दिवशी तो उठला.” शकुबाई हसली. “बिनकार्डाचा?” तातेरावानं मात्र ध्यानात ठेवलं. सकाळी ती गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडून मंडळी निघाली. “चला की, काहून थांबले?” तातेरावानं कार्ड सदऱ्याला पुसलं. “व्हा पुढं. आजचा दिवस बघतो.”