रिकामा रकाना

शहाऐंशीच्या दुष्काळात मराठवाड्यातल्या वाशीजवळच्या एका सहकारी सूतगिरणीत संगणक आला, आणि कामगारांची नावं त्यात भरायचं काम कारकून उत्तरेश्वरकडं आलं. सगळ्यांची नावं गेली, पण झाडलोट करणाऱ्या पुतळाबाईचं नाव काही केल्या यंत्र घेईना. पुष्कळ डोकं खाजवल्यावर त्याला कळलं, तिच्या जन्मतारखेचा रकाना रिकामा होता. नाव चढलं नाही तर तिची नोकरी जाणार होती, आणि गिरणीच्या बोअरचं पाणी घरी न्यायची मुभा फक्त कामगारांना होती.

"मावशी, तुमचा जन्म कधीचा?" त्यानं विचारलं.

"मला काय ठावं, लेकरा? रझाकारांच्या धामधुमीत माझी थोरली कडेवर होती, एवढं ध्यानात हाय."

उत्तरेश्वरनं बोटांवर हिशेब केला आणि शाळामास्तर लावतात तशी एक जून लावून टाकली, साल एकोणीसशे अठ्ठावीस. यंत्रानं नाव मुकाट्यानं घेतलं.

"आता तुमचं नाव कुणी काढत न्हाय," तो म्हणाला. पुतळाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.



दुसऱ्या दिवशी यंत्रातून पहिला हुकूम छापून बाहेर आला, 'अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाल्याने पुतळाबाई यांना सेवेतून कमी करण्यात येत आहे', आणि तो तिला वाचून दाखवायचं कामही उत्तरेश्वरकडंच आलं.