बंद पडलेला सेट

"थांबू नका! त्याचे ओठ अजून हलतायत," काचेपलीकडून ध्वनिमुद्रक ओरडली.

पण फौजी थांबला होता. स्टुडिओत सगळे त्याला याच नावाने ओळखत. डबिंगच्या त्या कोंदट खोलीत तो माइकसमोर एकटाच उभा होता. समोरच्या पडद्यावर त्याच्या मेलेल्या मित्राचं काम करणारा नट वायरलेसवर बोलत होता. लिहिलेलं वाक्य संपलं तरी हा पठ्ठ्या तोंड हलवत राहिला होता, आणि आता दुसऱ्या चित्रीकरणाला निघून गेला होता. त्याला आवाज देण्याची पाळी दिग्दर्शकावरच, म्हणजे फौजीवरच आली होती.

"लिहिलेलं संपलं की," फौजी म्हणाला.

"मग मनाचं बोला. लेखक तुम्हीच ना? का पाच पुस्तकं दुसऱ्याकडून लिहून घेतलीत?"

तिच्या शेजारी बसलेली मित्राची बहीण हसली. वीस वर्षं ती फौजीला दादा म्हणत आली होती. सैन्य सोडल्यावर त्याने लिहिलेलं पहिलं पुस्तक तिला पाठच होतं. त्या दिवशी लष्करी ठाण्यावरचा वायरलेस सेट बंद पडला होता, दरीत जखमी पडलेल्या तिच्या भावाची हाक कुणालाच ऐकू आली नाही, असं त्यात लिहिलं होतं. पुढची सगळी पुस्तकं त्यावरच उभी होती. हा चित्रपटही. आज हा प्रसंग ऐकायला यायचंच, असा तिने हट्ट धरला. फौजीला नाही म्हणता आलं नाही.

दृश्य पुन्हा सुरू झालं.

"हॅलो, ऐकू येतंय का? ओव्हर."

ओठ हलतच राहिले. काहीतरी जुळवून बोलावं म्हणून फौजीने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते जुळवलेलं नव्हतं.

"उत्तर देऊ नकोस. का ते मला कळतंय. फक्त सुतळीला सांग, तिची सायकल मीच मोडली होती. ओव्हर."

"वा! चपखल बसलं," ध्वनिमुद्रक म्हणाली.

बहीण मात्र ताडकन उठली. लहानपणी ती काडीसारखी बारीक होती. सुतळी हे नाव फक्त भाऊ घ्यायचा, तेही तिला चिडवायला. सायकलीचं तर तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. दार ढकलून ती आत आली.

"दादा, हे तुला कुणी सांगितलं? सेट बंद होता ना?"

'कधीतरी गप्पांत तुझा भाऊ म्हणाला होता,' एवढं म्हटलं की सुटका होती. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण ती समोरच उभी होती, आणि तिची नजर हलत नव्हती.

"चालू होता," तो म्हणाला. "उत्तर दिलं असतं तर आमची जागा शत्रूला कळली असती. तीस जण होतो. बोलायचं नाही, असा हुकूम होता. तो चाळीस मिनिटं बोलत होता. मी नुसता ऐकत बसलो."

आता ही थोबाडीत मारणार, या तयारीने तो मान खाली घालून उभा राहिला.

स्टूल ओढल्याचा आवाज आला. ती त्याच्यासमोर बसली होती.

"आणि मी वीस वर्षं समजत होते, तो एकटाच मेला," ती म्हणाली. "चाळीस मिनिटं ना? सांग. एक शब्द गाळायचा नाही."