चाळिसावी किक

चाळिसाव्या किकलाही मोटारसायकलने साधी उचकी दिली नाही. दिगंबरने वैतागून घाम पुसला, तर कपाळावरचा बुक्काही हाताला आला. टाकी गंजलेली, सायलेन्सर दोरीने बांधलेला. अशी ही गाडी विकत घेऊन स्वतः दुरुस्त करायचं त्याच्या डोक्यात होतं.

"आठवड्यात पळेल," गाडीचा मालक सावलीतून म्हणाला.

"अहो, इतक्या किका मारल्यात, तेवढ्यात चालत घरी पोचला असतात," बायको म्हणाली.

दिगंबरलाही हे लोढणं नकोसं झालं. पण गाडी नाही घेतली तर पुन्हा तेच. शेजारगावच्या देवळात कीर्तन ऐन रंगात यायचं आणि शेवटच्या एसटीसाठी या दोघांना उठावं लागायचं. चार वर्षांत एकही आख्यान पुरतं ऐकलं नव्हतं. बुवा आताशा त्यांना चपलांजवळच बसवत.

"राहू द्या, मला नाही जमायची," तो मालकाला म्हणाला.

बायकोने पदर खोचून मागचं सीट धरलं.

"तुम्ही हँडल सांभाळा, मी ढकलते. दुरुस्तीला महिनाभर लागला तरी लागू दे. परवा सुदामा द्वारकेच्या दारात उभा होता आणि आपण उठून आलो. मला त्याला आत जाताना बघायचंय."