भिमाजीच्या दाराचा अडसर

सायकलचं मागचं चाक बसलं तेव्हा रतनवाडी अजून बरीच लांब होती आणि धरणाच्या पाण्यावरून ऊन निघून चाललं होतं. आसारामने पंक्चरचं सामान काढलं. सगळं होतं, फक्त सोल्यूशनची ट्यूब वाळून कडक झाली होती. तो स्वतःवरच चिडला.

एकाहत्तर सालचा चैत्र. शेतातली कामं उरकली, तसा हा शिंगणापूरचा गडी सायकल एसटीच्या टपावर टाकून आपल्याच जिल्ह्यातल्या अकोल्याला आला आणि तिथून एकटाच डोंगर बघायला निघाला. आई म्हणाली होती, "डोंगरात काय ठिवलंय तुझं?" पण ऐकेल तो आसाराम कसला. भीती आपल्याला ठाऊकच नाही, अशी त्याची समजूत होती. ज्याच्या घराच्या चौकटीला दारच नाही, तो कशाला भिणार? कडीला हात लावला तर शनिदेव खपवून घेत नाही, हे तो चालायला लागल्यापासून ऐकत आला होता.

समोरून डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आली. तिने नाव सांगितलं बनुबाई.

"पावनं, फुडं जाऊ नका," ती म्हणाली. "बिबट्या लागलाय. परवा आमचं कुत्रं उचललं."

"मंग मुक्काम कुठं करू, मावशी?"

"त्या टेकाडावर भिमाजीचं घर हाय. एकटाच असतो. आल्यागेल्याला लई जपतो." मोळी सावरत ती खालच्या वाडीकडे उतरली.

भिमाजी ओसरीत बसून कोयत्याने शेळीसाठी डहाळे तोडत होता. पन्नाशीचा, उंच, काटक. आसारामने हात जोडले, नावगाव सांगितलं, पंक्चरची हकिकत सांगितली. भिमाजी त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिला. मग उठून त्याने सायकलचं चाक फिरवलं, कातडी सीट चाचपली, आणि काही न बोलता दारातून बाजूला झाला.

आसारामला ते आवडलं नाही. आपल्याकडे परक्या माणसाला आधी पाणी विचारतात, निदान गाव तरी विचारतात. याने पाण्याचा तांब्या पुढे केला खरा, पण शब्द नाही. नाचणीची भाकरी वाढली, शेळीचं दूध दिलं, आणि समोर बसून पुन्हा तोंडाकडेच पाहू लागला. आसारामने पाऊसपाण्याचं विचारलं, बायकापोरांचं विचारलं. भिमाजीने फक्त मान हलवली. तीही होकाराची की नकाराची, कळेना.

झोपायच्या वेळी भिमाजीने पाहुण्याचं अंथरूण आत घातलं आणि स्वतःचं घोंगडं ओसरीत, शेळीजवळ. जाता जाता त्याने दाराचा लाकडी अडसर उचलून भिंतीला टेकवून ठेवला, आसारामकडे रोखून पाहिलं, हाताचा पंजा आडवा हलवला आणि दार नुसतं लोटून घेतलं.

आसाराम अंधारात उठून बसला. बिबट्या फिरतोय आणि हा माणूस अडसर काढून ठेवतो, तो कशासाठी? रात्री आत शिरता यावं म्हणून. दुसरं काय असणार? सायकल नवी होती. मनगटावर घड्याळ होतं. कोयता ओसरीत होता. जन्मभर बिनदाराच्या घरात डाराडूर झोपलेल्या या गड्याला उघड्या दाराची भीती वाटू लागली, आणि त्या भीतीची त्याला लाजही वाटली.

बराच वेळ तो तसाच बसला. शेवटी हळूच उठून त्याने अडसर उचलला. "देवा, येकदाच," असं पुटपुटत त्याने तो खोबणीत सारला. मग त्याला झोप लागली.

शेळीच्या ओरडण्याने तो जागा झाला. ओसरीत काहीतरी धपकन पडलं. पाठोपाठ दारावर धडक बसली. अडसर करकरला. मग दुसरी धडक, मग तिसरी. दार ओरबाडल्याचा आवाज येऊ लागला आणि त्यासोबत घशातून निघालेली घोगरी, घुसमटलेली गुरगुर.

आसाराम धडपडत उठला. दाराला पाठ लावून तो ओरडला, "कोन हाय? भिमाजीदादा, तुमी हाय का?"

उत्तर नाही. नुसत्या धडका.

"दादा, तुमी असाल तर बोला. लगेच उघडतो."

गुरगुर वाढली. माणूस असता तर बोलला असता. आसारामने वळून दोन्ही हातांनी अडसर दाबून धरला आणि डोळे मिटून घेतले. काही वेळाने धडका थांबल्या. काहीतरी घासत घासत दूर गेलं. तो तिथेच, दाराला पाठ लावून, उजाडेपर्यंत बसून राहिला.

सकाळी त्याने दार उघडलं. ओसरी रिकामी होती. शेळीचं दावं तुटलेलं होतं. धुळीत बिबट्याच्या पंजाचे ठसे होते आणि काहीतरी ओढत नेल्याची रुंद खूण करवंदीच्या जाळीकडे गेली होती. शेळी गेली बिचारी, आसारामच्या मनात आलं. भिमाजी वाडीतली माणसं बोलवायला गेला असेल. आपण वाचलो. देवाचा नियम मोडून का होईना, वाचलो. त्याला रडू आलं.

पायवाटेने बनुबाई वर येत होती. तिच्या हातात दावं होतं आणि दाव्याला शेळी.

"राती पळत आमच्या दारात आली," ती म्हणाली. "भिमाजी कुठाय?"

"तुमच्याकडंच आलं आसतील की. रातच्याला बिबट्या लई धडका देत हुता, मावशी. मी अडसर लावला म्हनून वाचलो. दोनदा हाका मारल्या, दादा तुमी हाय का म्हनून. पर कुनी बोललंच न्हाई."

बनुबाई धुळीतल्या खुणेकडे पाहत राहिली. तिच्या हातातलं दावं सुटलं.

"म्या तुमाला सांगितलं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "भिमाजी जल्माचा मुका-भैरा हाय."