बापाची बडबड

"आला, आला! डावीकडं हाय, तनू!"

कडेवरून संपतराव ओरडले आणि तनुजानं चटकन चेंडू उजवीकडे ओढला. अनंत सरांचा पाय नुसताच हवेत फिरला. सकाळपासून ही चौथी वेळ.

सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण पोरीकडून चेंडू काढून घ्यायचा, तिनं तो वाचवायचा, फुटबॉलचा एवढा साधा सराव. आणि हिचा बाप रेषेवरून सगळं फोडतोय! वीस दिवस हेच चाललं होतं. वाघोलीहून येरवड्याच्या मैदानावर लेकीला मोटरसायकलवर आणायचं आणि मग तासभर तिच्या बाजूनं पळत बोंबलायचं.

"संपतराव, रविवारी सिलेक्शनला तुम्हीपण उतरणार आहात का?"

"न्हाई सर. मी कशाला उतरतोय?"

"मग तिथे हिला कोण सांगणार? पालकांना गेटाच्या आत घेत नाहीत तिथे."

"तिला सवय हाय, सर."

"तीच मोडायची आहे. आपण बाहेर जाऊन चहा घ्या. चांगला दोन कप घ्या."

संपतरावांनी लेकीकडे पाहिलं. तिनं घाईघाईनं मान हलवली, नको म्हणून. काही बोलायला उघडलेलं तोंड मिटून ते निमूट गेटाकडे चालू लागले.

सरांना हायसं वाटलं. राज्याच्या संघात जाईल अशी पोर त्यांना बारा वर्षांत मिळाली नव्हती. बापाच्या बडबडीपायी ही संधी हातची जाईल, याच भीतीनं ते इतके चिडत होते.

"चल. आता तुझी तू बघ."

ती चेंडू घेऊन निघाली. सर डावीकडून गेले आणि त्यांनी तो अलगद काढून घेतला. पुन्हा दिला, पुन्हा काढला. पाचव्यांदा तर ते पळालेसुद्धा नाहीत, चालत गेले.

"अगं, झोपलीयेस का? मान वर कर!"

"करतेय, सर."

"बापाला हाकललं म्हणून रुसलीस? माझ्यावर राग काढतेस?"

"नाही, सर."

"खोटं बोलू नकोस! आत्ता दहा मिनिटांपूर्वीपर्यंत मला एकदाही चेंडू मिळू दिला नाहीस. मूर्ख समजतेस काय मला? हे नखरे घरी करायचे!"

ती रडली असती, तर कदाचित सर निवळले असते. पण तिनं ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा चेंडूवर पाय ठेवून उभी राहिली. त्या हट्टानं तर सर आणखीच भडकले.

त्यांनी दुसरा चेंडू उचलला, तिच्या डाव्या हाताला चार पावलांवर गेले आणि काही न बोलता तो तिच्या खांद्याच्या दिशेनं भिरकावला. दचकून निदान हात तरी वर करेल, एवढंच त्यांना हवं होतं.

तिनं हात वर केला नाही. मानही वळवली नाही. चेंडू फाडकन गालावर बसला आणि ती दोन पावलं कोलमडली.

"अगं कार्टे, एवढा मोठा चेंडू दिसत नाही तुला?" सर घाबरून ओरडले.

"नाही, सर," गाल चोळत तनुजा म्हणाली. "या डाव्या डोळ्यानं जन्मापासूनच काही दिसत नाही. रविवारी तिथं कुणाला सांगू नका ना."